ज्वाला दिसत नाही तेव्हा

आग विझवणारी यंत्रणा वेळेवर चालली, आणि तरीही तीन तासांनी स्फोट झाला. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, फिनिक्सजवळच्या सरप्राइज गावातल्या मॅकमिकन बॅटरी केंद्रातली ही घटना. १९ एप्रिल २०१९ ला संध्याकाळी पाचच्या सुमारास तिथल्या यंत्रणेला धुराची चाहूल लागली आणि आग दाबणारा वायू आतल्या जागेत भरला. पाण्यासारखी यंत्रांची नासाडी हा वायू करत नाही, म्हणून सर्व्हर रूममध्येही तो बसवतात. केंद्र लहानच होतं, २ मेगावॉटचं. एका बंदिस्त खोलीत २७ रॅक, त्यांत मिळून दहा हजारांहून अधिक लिथियम-आयन सेल. बिघाड सुरू झाला तो त्यातल्या एका रॅकमध्ये.

सेलच्या आत डोकावलं तर थक्क व्हायला होतं. दोन इलेक्ट्रोडच्या मध्ये केसाहूनही पातळ असा प्लास्टिकचा पडदा, आणि हे सगळं इलेक्ट्रोलाइट या ज्वलनशील द्रवात भिजलेलं. तापमान शंभर अंशांच्या आसपास गेलं की ॲनोडवरचा संरक्षक थर मोडायला लागतो, आणि मोडता मोडता स्वतःच उष्णता सोडतो. १३० अंशांच्या जवळपास पडदा वितळतो, दोन्ही बाजू एकमेकींना भिडतात. पारा दोनशेच्या वर चढला की निकेल, मँगनीज, कोबाल्टचा कॅथोडच विघटित होऊ लागतो आणि स्फटिकात बांधलेला ऑक्सिजन मोकळा करतो.

या टप्प्याचं मला फार अप्रूप वाटतं. हवा तोडली की आग विझते, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. इथे तर ऑक्सिजन सेलच्या पोटातच आहे! खोली कितीही कोंडा, आतली प्रक्रिया चालूच राहते. एका सेलची उष्णता शेजारच्याला लागते, त्याची त्याच्या शेजारच्याला. याला थर्मल रनअवे म्हणतात.

मॅकमिकनला नेमकं हेच घडलं. आत भरलेल्या वायूचं काम ज्वाला दाबण्याचं. सेलच्या आतलं रसायन थोपवणं त्याच्या आवाक्याबाहेरचं होतं. सेलमागून सेल तापत अख्खा रॅक गेला, आणि त्यातून हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन वायू बाहेर पडत राहिले. ज्वाला असत्या तर हे वायू निघतील तसे जळून गेले असते. ज्वाला नव्हत्या, म्हणून ते खोलीत साठत गेले. त्यातला हायड्रोजन तर हवेत ४ टक्के असला तरी पेटतो आणि ७५ टक्के असला तरीही.

बाहेर अग्निशमन दलाला जमिनीलगत पसरणारा पांढरट धूर दिसला. घातक पदार्थ हाताळणारं खास पथक आलं. विषारी वायूंचे आकडे मोजत, ते उतरेपर्यंत थांबलं. या माणसांनी घाई केली नाही, हे आवर्जून सांगायला हवं. पण आत काय साठलंय हे बाहेर उभं राहून कळण्याची सोयच त्या बांधकामात नव्हती. आठच्या सुमारास त्यांनी दार उघडलं. ताजी हवा आत शिरली आणि काही मिनिटांतच स्फोट झाला. पथकातले चौघे गंभीर जखमी झाले. त्यांचा कॅप्टन ७० फुटांहून लांब फेकला गेला. सगळे वाचले, हे नशीब.

पहिला सेल का बिघडला यावर वीज कंपनीने नेमलेले तपासनीस आणि सेल बनवणारी कंपनी यांचं एकमत झालं नाही. माझ्या मते त्याहून मोठा प्रश्न पुढचा आहे: सेल कधी ना कधी बिघडणारच, हे धरून इमारत कशी बांधायची?

अमेरिकेतल्या एनएफपीए ८५५ या मानकाने आणि त्याच्या जोडीच्या नियमांनी त्याचं उत्तर द्यायला घेतलं. वायू पेटण्याच्या किमान पातळीच्या चौथ्या हिश्श्यालाही पोचू नये, म्हणून सेन्सर आणि त्यांच्या इशाऱ्यावर सुरू होणारे पंखे. तरीही दाब वाढलाच तर कुकरच्या सेफ्टी व्हॉल्व्हसारखी आधी उडणारी छतावरची झाकणं, म्हणजे स्फोटाचा जोर माणसांकडे न येता वर जातो. माणूस आत शिरूच शकणार नाही अशी सुटी कपाटं, त्यांच्यामध्ये मोजून ठेवलेलं अंतर. आणि ज्याला फोन केल्यावर आतली परिस्थिती सांगता येईल, असा जाणकार.

आता अनेक ठिकाणी पेटलेलं कपाट जळू देतात आणि पाणी मारतात ते शेजारच्या कपाटांवर. ऐकायला विचित्र वाटतं, पण मॅकमिकननंतर ते पटतं. शिवाय इलेक्ट्रोलाइटमधल्या लिथियम हेक्झाफ्लुरोफॉस्फेटचा पाण्याशी संयोग झाला की हायड्रोजन फ्लोराइड हा जहाल वायू तयार होतो, आणि आगीवरून वाहून गेलेलं पाणी कुठे मुरतं याचाही हिशोब ठेवावा लागतो.

नवी केंद्रं बहुतेक लिथियम आयर्न फॉस्फेटच्या सेलवर चालतात. त्यात ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट जखडलेला असतो, त्यामुळे तो सहजी सुटत नाही. मात्र अशा सेलमधून निघणाऱ्या वायूत हायड्रोजनचं प्रमाण बरेचदा जास्त असतं. आग लागण्याची भीती कमी, पण वायू साठण्याची काळजी तेवढीच.

१६ जानेवारी २०२५ ला कॅलिफोर्नियात मॉस लँडिंग इथे जुन्या वीजकेंद्राच्या इमारतीत बसवलेला ३०० मेगावॉटचा बॅटरी साठा पेटला. तिथे निकेल-मँगनीज-कोबाल्टचेच सेल होते, आणि तेही एका छताखाली. हजाराहून अधिक लोकांना घरं सोडावी लागली. जवळच्या एल्कहॉर्न स्लू या खाडीच्या दलदलीत, मातीच्या वरच्या थरात, संशोधकांना या तिन्ही धातूंचं प्रमाण वाढलेलं आढळलं. महिन्याभराने, १८ फेब्रुवारीला, आग पुन्हा भडकली. जळलेल्या मॉड्यूलमध्येही, म्हणजे सेलच्या संचांमध्येही, वीज शिल्लक राहते, आणि ती बंद करायला बटण नसतं. म्हणून तिथल्या सफाईची सुरुवात झाली ती मॉड्यूल एकमेकांपासून सोडवण्यापासून: आधी विजेची साखळी तोडायची, मगच ढिगाऱ्यातून एकेक बाहेर काढायचं.