घोळणा फुटतो तेव्हा

चैत्र-वैशाखाचं ऊन तापलं की आमच्या सातारा-सांगलीकडं घरोघर एखाद्या पोराचा घोळणा फुटतो. कुणी डोक्यावर गार पाणी थापतं, कुणी कांदा फोडून नाकाशी धरतं. घोळणा म्हणजे नाकपुडीचा मांसल भाग. शब्दांशी माझी सोयरीक. त्यामुळं या शब्दाचं मला कौतुक वाटतं. बहुतेक वेळा रक्त खरोखर तिथंच, नाकातल्या पडद्याच्या पुढच्या बारीक शिरांतून येतं. बसून डोकं थोडं पुढं झुकवावं, नाकाचा मऊ भाग १०-१५ मिनिटं न सोडता चिमटीत धरावा. बहुधा रक्त थांबतं.

पण मंडळी, एक रक्तस्राव असा आहे, की त्याला घोळणा म्हणून गप्प बसणं जिवावर बेततं.

आपल्याकडं पुणे-बंगळूर महामार्ग आहे. गळिताच्या हंगामात रात्री दिव्याविना उभ्या उसाच्या ट्रॉल्या आहेत. दुचाकीस्वार आदळतो, कवटीच्या तळाचं हाड तडकतं. मेंदूला रक्त पुरवणारी मोठी धमनी याच तळातून, नाकामागच्या हाडाच्या पोकळीला खेटून जाते. तिची भिंत फाटली, तर तिथं रक्ताचा कच्चा फुगा धरतो. माणूस बरा होऊन घरी येतो. काही दिवसांनी, आठवड्यांनी, कधी महिन्यांनीही तो फुगा नाकाच्या बाजूला फुटतो. रक्त धारेनं येतं, आपोआप थांबतं आणि पुन्हा अधिक जोरानं येतं. मार लागल्यापासून एका डोळ्याची नजर गेली असेल, तर संशय आणखी पक्का.

घरचे म्हणतात, 'उष्णता झाली.' तोवर अपघात मागं पडलेला असतो. म्हणून डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगावं : 'याला अमुक महिन्यात डोक्याला मार लागला होता.' नाकात बोळे भरणं हा तात्पुरता बांध. अँजिओग्राफीत धमनी पाहून, बहुधा जांघेतून बारीक नळी नेऊन, तारेच्या वेटोळ्यांनी किंवा स्टेंटनं फुगा बंद करतात. कधी ती धमनीच बंद करावी लागते. त्यामुळं १०८ ला फोन करावा आणि जिथं मेंदूच्या धमन्यांवर असे उपचार होतात, अशाच मोठ्या रुग्णालयाची वाट धरावी.

अपघाताच्या दिवशी नाकातून रक्त वा स्वच्छ पाणी येत असेल, तर आपण नाकात काही कोंबू नये, रोग्याला नाक शिंकरू देऊ नये.

आणि रक्त थांबलं म्हणून रुग्णालयाच्या वाटेवरून माघारी फिरू नये.