टाचण आणि प्रत्यक्ष तास : डेटाबेसने खरंच काय केलं?



दिवाळीच्या सुमारास आपल्या बीड जिल्ह्यातून कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला जातात. अशा वेळी एखाद्या मुलाचा दाखला लागतो आणि आपण जनरल रजिस्टर उघडतो. रजिस्टर नंबर माहीत असेल तर नोंद लगेच सापडते. नुसतं नाव असेल तर पानामागून पान चाळावं लागतं. नोंद तीच, शोधायची वाट वेगळी. डेटाबेसही अशी वाट ठरवूनच माहिती शोधतो. तिला 'एक्झिक्युशन प्लॅन' म्हणतात.

माहिती उशिरा आली की आपण 'सर्व्हर डाऊन' म्हणून मोकळे होतो. पण खरं कारण शोधता येतं. ओरॅकल डेटाबेसमध्ये एका सेशनचा, म्हणजे एका जोडणीत झालेल्या कामाचा, ट्रेस सुरू करता येतो. मग त्या कामाची नोंद एका फाइलमध्ये होते.

त्या फाइलमध्ये प्लॅन कुठे असतो? 'स्टॅट' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळी शोधा. एक ओळ म्हणजे एक पायरी.

• आयडी : पायरीचा क्रमांक
• पीआयडी : ती कोणत्या पायरीच्या पोटात आहे
• सीएनटी : किती नोंदी मिळाल्या
• ओपी : नेमकं काय केलं

'ओपी'मध्ये 'टेबल ॲक्सेस फुल' दिसलं, तर सगळं रजिस्टर चाळलं असं समजा. 'इंडेक्स' दिसलं, तर अनुक्रमणिका वापरली. ओळी किचकट वाटल्या तर ओरॅकलचंच 'टीकेप्रूफ' हे साधन त्या 'रो सोर्स ऑपरेशन' या शीर्षकाखाली नीट मांडून देतं.

इथे एक गफलत होते. टीकेप्रूफला 'एक्सप्लेन' सांगितलं तर तो आणखी एक प्लॅन दाखवतो. पण तो आत्ता नव्याने काढलेला अंदाज असतो. म्हणजे आपलं पाठ टाचणच की! टाचणात गटकार्य लिहिलेलं असतं, पण त्या दिवशी वर्गात निम्मीच मुलं असतात. प्रत्यक्ष तास कसा झाला, ते 'स्टॅट'च्या ओळीच सांगतात.

आणि त्या ओळी सापडल्याच नाहीत तर? ओरॅकलच्या ११जी आधीच्या आवृत्त्यांत त्या क्वेरीचा कर्सर बंद झाल्यावरच लिहिल्या जात. ट्रेस आधीच थांबवला, तर त्या फाइलमध्ये येतच नसत.

वर्गात करून पाहा : एकच नोंद एका मुलाला नंबरावरून आणि दुसऱ्याला नावावरून शोधायला सांगा. कोणी किती पानं उलटली, ते फळ्यावर लिहा. प्लॅन म्हणजे काय, हे मुलंच तुम्हाला सांगतील.