वेलीच्या रसातले गंधक

मेक्सिकोच्या आखाती किनाऱ्याजवळ, एल मानाती इथल्या दलदलीत रबराचे चेंडू सापडले. त्यांतले सर्वांत जुने इ.स.पू. १६०० च्या सुमाराचे. गंधक आणि उष्णता वापरून रबर टिकाऊ करण्याची चार्ल्स गुडइयरची युक्ती १८३९ सालची. तिथल्या कॅस्टिला झाडाचा चीक नुसता वाळवला तर ठिसूळ होतो, मग हे चेंडू उसळत कसे? सोळाव्या शतकातल्या स्पॅनिश नोंदींचा माग काढत एमआयटीच्या डोरोथी हॉस्लर, सँड्रा बर्केट आणि मायकेल टारकानियन यांनी त्या चिकात मूनफ्लॉवरचा रस मिसळला. ही रताळ्याच्याच प्रजातीतली, रात्री फुलणारी वेल. (पांढऱ्याशुभ्र फुलांचे इथे काही काम नाही, रस खोडाचा.) ढवळता ढवळता लवचीक गोळा जमला, आणि रसात गंधकयुक्त संयुगेही आढळली. त्यांचा निबंध १९९९ साली प्रसिद्ध झाला.

यावरून ‘गुडइयरच्या आधी तीन हजार वर्षे व्हल्कनायझेशन’ अशी आरोळी ठोकायचा मोह होतो. तो मला अर्धाच मान्य आहे. व्हल्कनायझेशनमध्ये गंधकाचे अणू रबराच्या लांब साखळ्यांना एकमेकींशी बांधतात. वेलीच्या रसाने असे थोडेफार बंध पडत असावेत, पण चिकातली प्रथिने व इतर घटक निघून जाण्याचाही परिणामात वाटा असू शकतो. सगळे श्रेय गंधकाला देणे घाईचे ठरेल. मात्र ‘उष्णता नाही, म्हणजे गंधकाचा संबंधच नाही’ हा आक्षेपही टिकत नाही. अलेक्झांडर पार्क्सने १८४६ साली गंधकाच्या क्लोराइडने रबर थंडच पक्के केले होते. राहिला ‘त्यांना रसायनशास्त्र कुठे ठाऊक होते’ हा आक्षेप. ते गुडइयरला तरी कुठे ठाऊक होते? रबर म्हणजे महाकाय रेणूंच्या साखळ्या, हे हर्मान श्टाउडिंगरने मांडले १९२० साली!

मला गंधकापेक्षा प्रमाणाचा पुरावा अधिक वजनदार वाटतो. हॉस्लर आणि टारकानियन यांच्या पुढच्या चाचण्यांत चीक आणि रस निम्मेनिम्मे घेतल्यावर रबर सर्वाधिक उसळले. तीन भाग चिकाला एक भाग रस घेतल्यावर ते सर्वांत कमी झिजले, म्हणजे चपलेच्या तळव्याला योग्य. चिकटवायला नुसता चीकच बरा. जुने कारागीर नेमकी हीच मापे घेत होते, असे यातून सिद्ध होत नाही. चेंडू तरी हाती आहेत. रबरी तळव्यांच्या चपला मात्र स्पॅनिश नोंदींतच भेटतात, उत्खननात नाहीत.