ओरिजिनल जपान

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक भूत राहायचं. पाण्याच्या मीटरशेजारी, करड्या ताडपत्रीखाली, तब्बल तेरा वर्षं. मांजरीने तिथे तीन बाळंतपणं उरकली, लहान मुलांनी लपाछपीत तिथे आऊट होण्याचं रेकॉर्ड केलं आणि वॉचमन त्यावर स्वतःचा टॉवेल वाळत घालायचा. मग बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली आणि नोटीस लागली: 'पार्किंगमधील अडगळ पंधरा दिवसांत हलवावी.'

अडगळ म्हणजे बाबांची यामाहा आरएक्स 100. मॉडेल 1992. रंग कोणे एके काळी काळा.

भंगारवाला आला. त्याने ताडपत्रीचं एक टोक उचललं आणि एकदम आवाज खाली आणून विचारलं, 'साहेब, कागद आहेत का हिचे?' भंगारवाला कागद विचारायला लागला की समजावं, वस्तू भंगार नाही. बाबा म्हणाले, 'देऊन टाकू.' मी म्हटलं, 'थांबा.' या एका 'थांबा'ची किंमत पुढे सात महिने आणि 71 हजार रुपये झाली. फ्रीलान्स पत्रकाराच्या हिशेबात हा आकडा कसा दिसतो, ते ज्यांचे चेक तीन-तीन महिने लटकतात त्यांनाच कळेल.

तुमच्यापैकी ज्यांचा जन्म ॲक्टिव्हाच्या पायरीवर उभं राहून शाळेत जाण्यात गेला, त्यांच्यासाठी थोडा फ्लॅशबॅक. ऐंशीच्या दशकापर्यंत आपल्याकडे दुचाकी म्हणजे एक तर वर्षानुवर्षं नंबर लावून मिळणारी स्कूटर, नाही तर बुलेट-राजदूतसारखी दणकट, जड गाडी. मग सरकारने परदेशी कंपन्यांशी हातमिळवणीला वाट करून दिली आणि दोन-तीन वर्षांत चार जपानी 100 सीसी गाड्या रस्त्यावर आल्या. 1984 मध्ये इंड-सुझुकी, 1985 मध्ये हिरो होंडाची सीडी 100 आणि यामाहाची आरएक्स 100, 1986 मध्ये कावासाकी बजाजची केबी 100. यात एकटी सीडी 100 फोर-स्ट्रोक. तिने ॲव्हरेजवर बाजार मारला. बाकीच्या तिघी टू-स्ट्रोक, आणि त्या तिघींत आरएक्सची मस्तीच वेगळी. सुमारे शंभर किलोची गाडी आणि 11 बीएचपी ताकद. आज हे आकडे कुणालाही किरकोळ वाटतील, पण त्या काळी सिग्नल हिरवा झाला की पहिली कोण दिसणार, याबद्दल शंका नसायची. बजाजचं घर आमच्या आकुर्डीत असताना चिंचवडमध्ये राहून यामाहा घेणं हा जरा घरभेदीपणाच होता. 'सगळ्या मित्रांकडे केबी होती, म्हणून मी आरएक्स घेतली,' असं बाबा सांगतात. हा गुण माझ्यात कुठून आला ते तेव्हा कळलं.

टेम्पोतून गाडी नाना पेठेत नेली. पुण्यात टू-व्हीलरचं काहीही हवं असेल तर माणूस शेवटी नाना पेठेत पोचतोच. तिथल्या एका बोळात एक वस्ताद आहेत, साठीचे, एका डोळ्याला जाड भिंग लावून काम करणारे. पहिले दोन दिवस ते माझ्याशी बोललेच नाहीत, सगळं बाबांशी. तिसऱ्या दिवशी मी एकटीच गेले, तर म्हणाले, 'मॅडम, साहेब नाही आले?' मी म्हटलं, 'गाडी मी करतेय.' त्यांनी एक पाना माझ्या हातात दिला आणि म्हणाले, 'मग तो नट खोला.' नट निघाला नाही. पण त्या दिवसापासून मी मॅडमची ताई झाले.

इंजिन जाम होतं. प्लग काढून त्या भोकातून डिझेल ओतलं आणि चार दिवस तसंच ठेवलं. पाचव्या दिवशी किक एक इंच खाली गेली. वस्तादांनी त्या एका इंचाचा चहा मागवला.

सीलचं राजकारण

इथे मला टू-स्ट्रोक इंजिन खऱ्या अर्थाने कळलं. मास कॉमला हे शिकवत नाहीत. फोर-स्ट्रोकमध्ये क्रँक दोनदा फिरला की एक स्फोट, टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीला एक. म्हणून एवढ्याशा इंजिनात एवढा दम. पण त्यासाठी पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या पोटात येतं. कार्बोरेटरच्या पुढे रीड व्हॉल्व्ह असतो, पातळ पाकळ्यांचा. तो मिश्रणाला आत येऊ देतो, परत जाऊ देत नाही. मग पिस्टन खाली येतो, पोटातलं मिश्रण दाबतो आणि ते वर सिलिंडरमध्ये जातं. म्हणजे इंजिनचं पोट हवाबंद हवं. ते हवाबंद ठेवतात क्रँकच्या दोन बाजूंचे दोन रबरी ऑइल सील. आणि रबर तेरा वर्षं नुसतं पडून राहिलं की दगड होतं.

'लोक काय करतात,' वस्ताद म्हणाले, 'टाकी चमकवतात, सीट शिवतात, प्लग बदलतात, किक मारतात. गाडी चालू होते. खूश. मग सीलमधून हवा खेचते, मिक्श्चर पातळ होतं, इंजिन तापतं आणि पाच-पन्नास किलोमीटरवर पिस्टन धरतो. मग म्हणतात, जुनी गाडी बेभरवशाची.' दोन्ही सील मिळून मला जेवढे पैसे लागले, तेवढ्यात आपल्या ऑफिसखालच्या कॅफेत दोन कॉफ्या येतात. पण ते बदलायला अख्खं इंजिन उतरवून दोन फाका कराव्या लागतात. म्हणून कुणी बदलत नाही.

ब्लॉक आतून ओरखडलेला होता. मूळ बोअर 50 मिलिमीटर, स्ट्रोकही 50. दोन्ही सारखे, म्हणून हिशेब सोपा: 98 सीसी. पंचवीस पॉइंटने बोअर करून ओरखडे गेले नाहीत, म्हणून पन्नास पॉइंटला गेलो, म्हणजे अर्धा मिलिमीटर मोठा पिस्टन. मी मोबाइलवर गणित केलं आणि ओरडलेच. 100.1 सीसी! म्हणजे बाबांची आरएक्स 100 वयाच्या तिशीनंतर नावाप्रमाणे 100 झाली. वस्तादांना यात काही विशेष वाटलं नाही.

सुट्या भागांच्या बाजारात एकच मंत्र चालतो: 'ओरिजिनल जपान.' सुरुवातीच्या आरएक्स गाड्यांचे भाग जपानहून आले आणि इथे जोडले गेले, हे खरं. पुढे एस्कॉर्ट्सने गाडी इथेच बनवली. 1996 मध्ये आरएक्स 100 बंदही झाली. पण बाजारात अजून जपानहून काल उतरल्यासारखा माल मिळतो! मीही फसले. ऑनलाइन एक क्रँक किट मागवलं, दाबून पैसे मोजले. खोक्यावर 'यामाहा'च्या स्पेलिंगमधलं एक अक्षरच गायब. वस्तादांनी कनेक्टिंग रॉड भिंगाखाली धरला, दोन बोटांनी हलवला आणि शांतपणे म्हणाले, 'पेपरवेट चांगला होईल.' तो आता माझ्या टेबलावर आहे.

बाबांची अट

इथपर्यंत सगळं मजेत चाललं होतं. माझा फंडा क्लिअर होता: गाडी जशी 1992 मध्ये शोरूममधून निघाली, तश्शीच उभी करायची. तोच काळा रंग, तेच पट्टे, तोच मूळचा सायलेन्सर. (तो फटाके फोडणारा एक्स्पान्शन पाइप लावणाऱ्यांबद्दल मला एवढंच म्हणायचंय की, त्यांच्या घराखाली रात्री दोन वाजता कुणी तरी तसाच पाइप लावून यावं.) चेसिस पावडर कोटिंगला देताना चेसिस नंबरवर टेप लावून घेतली, नाही तर कोटिंगच्या थराखाली नंबर बुजतो आणि आरटीओत पेन्सिलने छाप घेताना पंचाईत होते. रिमचा आउट काढला, नवे स्पोक बसवले. ब्रेकचे ड्रम लेथवर साफ केले, नवे शू घातले.

बाबा पहिल्यांदा गाडी बघायला आले, भोवती एक फेरी मारली आणि पुढच्या चाकापाशी थांबले. 'पुढे डिस्क बसव.'

मी हसले. मला वाटलं, गंमत करतायत. आरएक्स 100 ला डिस्क म्हणजे पैठणीला चेन लावण्यासारखं. शिवाय एका जाणकाराने फोटो बघून सांगितलं होतं की, ड्रमसकट पूर्ण ओरिजिनल केलीस तर घेणारा चाळीस हजार जास्त देईल. मी हे सगळं बाबांना ऐकवलं. ओरिजिनलपणावर माझं पाच मिनिटांचं लेक्चर झालं. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, 'तुझ्या आईच्या मनगटातली पट्टी ओरिजिनल आहे का, विचार तिला.'

मी चार वर्षांची होते, आजीकडे. 2001 चा आषाढ. दोघं नारायणपूरहून परत येताना दिवे घाटात धो-धो पाऊस. ओल्या ड्रमचा ब्रेक लागायला वेळ घेतो, हे कुठल्याही गाडीला लागू. त्यात शू पार घासलेले. बाबांनी ते बदलायचं दोन महिने पुढे ढकललं होतं. पुढे एसटी थांबली, यांची गाडी थांबली नाही. बाबांना खरचटलं. आईच्या डाव्या मनगटात पट्टी आणि सहा स्क्रू. आईला पोळ्या लाटताना अजून थंडीत हात मध्येच झटकावा लागतो. ही गोष्ट आमच्याकडे 'पडलो होतो एकदा' एवढ्या तीन शब्दांत सांगितली जाते. त्यानंतरची दहा वर्षं बाबांनी गाडी चालवली, पण एकट्याने. मागची सीट रिकामी का असते, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. मला वाटायचं, आईला बाइक आवडत नाही.

दुसऱ्या दिवशी वस्तादांना विचारलं, 'डिस्क बसेल?' ते म्हणाले, 'बसेल. पण चेसिसला हात लावायचा नाही. कापाकापी नाही, वेल्डिंग नाही.' हा माणूस मला आवडतो. नंतरच्या एका मॉडेलचा डिस्कवाला पुढचा चिमटा, डिस्क बसेल असा हब आणि त्यावर आमचीच 18 इंची रिम. हँडलला मास्टर सिलिंडर. सगळं नट-बोल्टवर, उद्या वाटलं तर एका दुपारी परत ड्रम. जुना चिमटा आणि हब गोणपाटात गुंडाळून माळ्यावर गेलेत.

कायद्याचं काय, असं तुम्ही विचारणार. विचारायलाच हवं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की, आरसीतला तपशील कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा होईल असा बदल करायचा नाही. सुप्रीम कोर्टाने 2019 मध्ये तेच ठामपणे सांगितलं. म्हणून 132 सीसीच्या आरएक्स 135 चा ब्लॉक बसवायचा मोह मी पहिल्याच दिवशी सोडला. तिथे सीसीचा आकडाच बदलतो. ब्रेकचा रकाना आमच्या आरसीत नाही, पण तरी आधी आरटीओत जाऊन विचारून आले आणि मगच काम केलं. 'व्हिंटेज' म्हणून नोंदवायचं म्हटलं तर 2021 च्या नियमांप्रमाणे गाडी 50 वर्षांची लागते, तीही मोठे बदल न केलेली. म्हणजे 1985 ची पहिलीवहिली आरएक्सदेखील 2035 पर्यंत साधी जुनी गाडीच. आमच्या गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची होती, मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण. बाबांनी ते एकदा केलं आणि नंतर सोडून दिलं. पीयूसी, विमा, पर्यावरण कर, उशिराचा दंड. दोन फेऱ्या, एक सुट्टी आणि एका अख्ख्या दिवसाचं ऊन.

तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली. तो आवाज लिहून दाखवता येत नाही, मी प्रयत्न करून पाहिला. निळसर धूर बोळात पसरला आणि समोरच्या टपरीवरचे दोन काका चहा तसाच ठेवून उठून आले. पहिले पाचशे किलोमीटर पन्नासच्या वर न्यायची नाही आणि 2टी ऑइल नेहमीपेक्षा जरा जास्त, ही वस्तादांची ताकीद. मग रोज पहाटे देहूपर्यंत जाऊन परत. माझ्या जॅकेटला, केसांना, उशीलाही तो 2टीचा वास लागला. ॲव्हरेज विचारू नका.

चाळीस हजार जास्त देणाऱ्या जाणकाराने डिस्कचा फोटो बघून 'वाया घालवलीस' असं कळवलं. खरं सांगायचं तर त्या दिवशी मला थोडं वाईट वाटलं. चाळीस हजार म्हणजे चाळीस हजार.

आई अजून मागे बसलेली नाही. बाबांनी हँडलचा ब्रेक दाबून तिला दाखवला. तिने डिस्क अशी तपासली जशी मंडईत भेंडी मोडून बघते, आणि म्हणाली, 'कोरड्यात काय, सगळंच थांबतं. पाऊस पडू दे.'

मग जूनमधला पहिला पाऊस आला, चांगला दणकून. आम्ही आता भाड्याच्या घरात राहतो, तिथे गल्लीला बऱ्यापैकी उतार आहे. बाबा कुणाला काही न सांगता खाली उतरले. वरच्या कोपऱ्यापासून खाली यायचे, पाण्याच्या टाकीपाशी ब्रेक मारायचे, वळून परत वर. आई गॅलरीत उभी होती, डावा हात उजव्या हातात धरून. मी मोजत होते. पाचव्यांदा गाडी जिथल्या तिथे थांबली तेव्हा आई आत गेली आणि कपाटातला रेनकोट शोधायला लागली. स्वतःचा की त्यांना वरून फेकायला त्यांचा, ते मी विचारलं नाही.