अन्योन्याश्रय आणि सेवांची नोंदणी

संगणकाच्या आज्ञावलीत एका सेवेला दुसरीची गरज असल्यास तिने ती स्वतः घडवू नये, ती बाहेरून पुरविली जावी, या रचनेस ‘डिपेंडन्सी इंजेक्शन’ म्हणतात. त्यासाठी सर्व सेवांची नोंद एका ‘कंटेनर’मध्ये करावयाची असते. नोंदीचा क्रम बहुधा गौण असतो. कारण सेवा प्रत्यक्ष घडते ती मागणीच्या वेळी. अन्योन्याश्रय मात्र घातक ठरतो.

उदाहरणार्थ, ‘मणिबेलीला’ हे रूप घ्या. विश्लेषकाने ‘ला’ हा प्रत्यय वेगळा करावा, तर ‘मणिबेली’ हे नाम आहे हे त्यास कोशाकडून कळावयास हवे. आणि कोशाने हे रूप शोधावे, तर मूळ शब्द विश्लेषकाकडून मिळावयास हवा. दोघांनाही घडणीच्या वेळीच परस्परांची अपेक्षा असेल, तर कोणीच घडत नाही.

महाभाष्यात ‘वृद्धि’ संज्ञेच्या चर्चेत हाच इतरेतराश्रय दोष उपस्थित झाला असून, एकमेकींना बांधलेल्या होड्या परस्परांस तारीत नाहीत, असा दृष्टान्त तेथे येतो. मणिबेलीच्या नर्मदाकाठी तो कोणासही पटेल. होडी बांधावयाची ती तीरावरील खुंटाला. प्रस्तुत उदाहरणात हा खुंट म्हणजे ‘मूळशब्दसंग्रह’ ही तिसरी सेवा होय. ती दोहोंवर अवलंबून नाही. कोश व विश्लेषक मात्र तिच्यावर विसंबतात. सेवेची मागणी लांबणीवर टाकून दोष झाकता येतो; तो दूर होतो अवलंबनाची दिशा एकेरी केल्यानेच.