चलनवाढ लक्ष्यीकरण आणि आर्थिक स्थैर्य

मध्यवर्ती बँक चलनवाढीच्या दराचे उद्दिष्ट आधी जाहीर करते आणि ते गाठण्यासाठी व्याजदर ठरवते, या पद्धतीस चलनवाढ लक्ष्यीकरण म्हणतात. न्यूझीलंडने १९९० च्या सुमारास ती प्रथम स्वीकारली. भारतात २०१६ मध्ये रिझर्व्ह बँक कायद्यात दुरुस्ती झाली. ग्राहक किंमत निर्देशांकावर मोजलेली चलनवाढ ४ टक्के असावी, २ ते ६ टक्क्यांच्या बाहेर जाऊ नये, असे उद्दिष्ट ठरले. रेपो दराचा निर्णय सहा सदस्यांची मौद्रिक धोरण समिती घेते.

भाव वाढतच जाणार असे वाटू लागले की व्यापारी साठा करतो, कामगार अधिक वेतन मागतो आणि ती अपेक्षाच भाववाढीला खतपाणी घालते. जाहीर उद्दिष्टावर लोकांचा विश्वास बसला तर हे चक्र मंदावते. स्थैर्याचा मुख्य आधार हाच.

मात्र व्याजदराचा परिणाम सर्वांवर सारखा होत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील कोरपना तालुका पाहा. गडचांदूर परिसरात सिमेंट कारखाने आहेत, भोवती कापूस-सोयाबीनची शेती. युक्रेन युद्धानंतर इंधन व खाद्यतेल महागले. २०२२ मध्ये सलग तीन तिमाहींत चलनवाढ ६ टक्क्यांवर राहिल्याने रिझर्व्ह बँकेला सरकारकडे प्रथमच कारणमीमांसा सादर करावी लागली. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ वरून ६.५० टक्क्यांवर गेला. बदलत्या दराने गृहकर्ज घेतलेल्या कामगाराचा हप्ता किंवा परतफेडीची मुदत वाढली. शेतकऱ्याचे पीककर्ज शासकीय व्याजसवलतीचे, म्हणून त्याला ही झळ फारशी लागली नाही. (सावकाराचे व्याज तर रेपो दराला विचारतही नाही.)

म्हणून शेतकरी सुटला असे नव्हे. भाववाढ रोखण्यासाठी डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीनचे वायदे व्यवहार थांबवण्यात आले. एप्रिल २०२२ मध्ये केंद्राने कापसावरील आयातशुल्क काही काळ माफ केले. हे निर्णय मौद्रिक धोरणाचे नव्हेत. पण रोख त्याच दिशेने, आणि भार उत्पादकावर. २०१२ हे पायाभूत वर्ष असलेल्या निर्देशांकात अन्न व पेयांचा भार सुमारे ४६ टक्के होता. त्यामुळे ग्राहकाला दिलासा देणारा भाव पुष्कळदा शेतकऱ्याच्या उत्पन्नातून वजा होतो. निर्देशांक ही वजाबाकी दाखवत नाही.

कृती : आपल्या कुटुंबाच्या एका महिन्याच्या खर्चात अन्नपदार्थांचा वाटा किती टक्के आहे ते काढा व वरील ४६ टक्क्यांशी ताडून पाहा.