चेंबरची गळती

आलापल्लीहून भामरागडकडे जाताना पावसाळ्यात डांबर उखडते आणि वर आलेला दगड नेमका गाडीच्या पोटाला लागतो. तिथेच ऑइल चेंबर असते. छोट्या कारमध्ये त्यात साधारण तीन-चार लिटर ऑइल मावते. चेंबर फुटून ऑइल गळले आणि डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा लागला तर इंजिन तत्क्षणी बंद करा. पुढच्या गावापर्यंत रेटलेली गाडी बेअरिंगे खाते, आणि तो खर्च चेंबरच्या कितीतरी पट असतो.

पत्र्याचे चेंबर चेपते, अॅल्युमिनियमचे तडकते. नुसता पोचाही वाईट, कारण ऑइल ओढणारी जाळी तळापासून थोडीच वर असते. तळ वर आला की तिचे तोंड कोंडते.

नवे चेंबर बसवूनही ठिबकते, ते बहुधा घाईमुळे. जुने पॅकिंग पूर्ण खरवडावे, दोन्ही कडा तेलकटपणा जाईपर्यंत पुसाव्यात. सिलिकॉनची सलग, सुमारे 3 मिलिमीटरची रेघ बोल्टच्या छिद्रांच्या आतल्या बाजूने ओढावी. जास्त लावलेले सिलिकॉन आत सुटून त्याच जाळीत अडकते. बोल्ट मधून बाहेर, समोरासमोर आवळावेत. ताकद बहुतेकदा 10 न्यूटन-मीटरच्या आसपासच लागते. जोर केला की पत्र्याची कड वाकते. मग सिलिकॉन सुकेपर्यंत, शक्यतो रात्रभर, ऑइल भरू नये.

काढलेले काळे ऑइल नाल्यात ओतू नका. ते पुढे इंद्रावती-प्राणहितेलाच मिळते. डब्यात साठवा आणि परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांपर्यंत पोहोचवा.